बोरघाटाचा मक्ता

मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाटातील बोगदे आपण मोजतो. त्यांच्या मक्त्याची हकिगत मात्र क्वचितच ऐकू येते. १८५६ साली काम सुरू झाले. जी. आय. पी. रेल्वे कंपनीने सगळा घाट फॅव्हिएल या एकाच मक्तेदाराच्या गळ्यात घातला आणि जोखीम टळली असे मानले. त्याने कामाचे तुकडे पोटमक्तेदारांना दिले. मजुरी थकली, जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, त्यात एक गोरा मेला. फॅव्हिएलने काम सोडले. नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मक्ता चालवला तो त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने. (बाई मोठ्या धीराची!) पटकीने मजूर मेले, त्यांची गणती हजारांत. १८६३ साली गाडी घाट चढली. जुलै १८६७ मध्ये घाटातला एक मोठा पूल कोसळला, दगडकाम निकृष्ट निघाले. तोवर मक्तेदार हिशेब चुकते करून गेले होते. पूल कंपनीलाच पुन्हा बांधावा लागला.