मुक्कामाची गावे : नांदेड आणि लातूर

मराठवाड्याच्या इतिहासाचा विषय निघाला की देवगिरीचा किल्ला, पैठणची संतपरंपरा आणि वेरूळची लेणी प्रथम डोळ्यांसमोर उभी राहतात. राजधान्या आणि तीर्थक्षेत्रे यांना इतिहासकार लाभतात; वाटेवरच्या मुक्कामांना ते क्वचितच लाभतात. तथापि एखाद्या प्रदेशाचे मन जाणून घ्यावयाचे असेल, तर तेथे राज्य कोणी केले एवढेच पाहून भागत नाही. तेथे थांबले कोण आणि त्यांना कसे वागविले गेले, हेही पाहावे लागते. या दृष्टीने नांदेड व लातूर या दोन गावांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

गोदावरीच्या काठी वसलेले नांदेड हे मराठी मुलुखातून तेलंगणात जाणाऱ्या वाटेवरचे जणू दारच होय. चौथ्या शतकातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा एक ताम्रपट वाशीम येथे सापडला आहे. त्यात या गावाचे प्राचीन नाव येते आणि दान दिलेले खेडे त्याच्या ‘उत्तर मार्गा’त असल्याचे म्हटले आहे. येथे ‘मार्ग’ म्हणजे कारभाराचा विभाग. मुलुखाची ओळख वाटेवरून व्हावी, हे या गावाला शोभणारेच आहे.

या वाटेवरचा सर्वांत मोठा मुक्काम घडला तो १७०८ साली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर गादीवर आलेला बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत उतरला, तेव्हा शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी त्याच्या छावणीसमवेत होते. पावसाळ्यात ते नांदेडला पोहोचले. बादशाही फौज पुढे हैदराबादेकडे गेली; गुरू मात्र गोदाकाठीच राहिले. मारेकऱ्याच्या शस्त्राने झालेल्या जखमेमुळे ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचे येथेच देहावसान झाले. आपल्यामागे कोणी देहधारी गुरू नसेल, ग्रंथसाहिब हाच गुरू, असे त्यांनी येथेच सांगितले, अशी शिखांची श्रद्धा आहे. याच काठावर माधोदास नावाचा एक बैरागी राहत होता. तो मूळचा दूरच्या राजौरीचा. गुरूंच्या भेटीने तो ‘बंदासिंग’ झाला, पंजाबास गेला आणि १७१० साली त्याने सरहिंद जिंकले. एक वाटसरू कायमचा थांबला आणि थांबलेला दुसरा पुन्हा वाटेला लागला.

पुढे महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात येथे सचखंड गुरुद्वाराची वास्तू उभी राहिली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. तेव्हापासून दख्खनमध्ये स्थायिक झालेली शीख कुटुंबे आज मराठी तितक्याच सहजतेने बोलतात. अमृतसरहून दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आगगाडीने यात्रेकरू येतात, यात्रीनिवासात उतरतात आणि लंगरच्या पंगतीत जेवतात. त्या पंगतीत जात, धर्म वा ऐपत विचारली जात नाही.

या आतिथ्याची खरी परीक्षा २०२०च्या मार्च महिन्यात झाली. देशभर टाळेबंदी पुकारली गेली आणि दोनचार दिवसांसाठी आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरू महिनाभर नांदेडात अडकून पडले. त्यांच्या निवाऱ्याची आणि दोन वेळच्या अन्नाची सोय गुरुद्वाराने सांभाळली. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी ते गावी परतले. त्यांच्यापैकी काहींना संसर्ग झाल्याचे आढळले, तेव्हा दोष कोणाचा यावरून दोन राज्यांत वादही झडला. संकटकाळी पाहुण्याकडे संशयाने पाहिले जाते, हे मानवी स्वभावाचे जुने दुखणे आहे. म्हणूनच त्या महिनाभराच्या पंगतीचे मोल आम्हांला अधिक वाटते.

नांदेडला माणसे श्रद्धेने थांबली, तर लातूरला व्यापाराने. तसे लातूरचे नाव प्राचीन. राष्ट्रकूट राजे दूर देशी राज्य करीत असतानाही स्वतःस ‘लट्टलूर’ नगरीचे स्वामी म्हणवीत. सोडून आलेल्या गावाचा अभिमान त्यांनी बिरुदात जपला. परंतु आजचे लातूर घडविले ते बार्शी लाइट रेल्वेने. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ साली निजामाच्या मुलुखातील लातूरला येऊन पोहोचली. आसपासच्या खेड्यांतून धान्य व कापूस घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांसाठी लातूर हे मुक्कामाचे गाव झाले. सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात, ती गंजगोलाईची गोल बाजारपेठ आजही त्या वैभवाची साक्ष देते.

अशा गावावरही परमुखापेक्षी होण्याची वेळ येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणांस मुकली. त्या वेळी देशोदेशींची मदत लातूरच्या वाटेने आली. २०१६च्या उन्हाळ्यात तर शहराला प्यावयास पाणी उरले नाही. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे पूर्वीच्या बार्शी लाइट रेल्वेचाच मार्ग; रूळ मात्र आता रुंद झालेले. ज्या वाटेने लातूरने शतकभर दुसऱ्यांना धान्य पुरविले, त्याच वाटेने त्याला पाणी मिळाले.

वाट ही दोन्हीकडून चालावयाची असते, हे या दोन गावांच्या इतिहासावरून ध्यानी येते. आज वाटसरूला भाकरी देणारे गाव उद्या स्वतःच स्टेशनकडे डोळे लावून बसते. आपल्या धर्मग्रामांतही शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा मजुरीसाठी परगावची माणसे येऊन राहतात. काही वर्षभर थांबतात, काही कायमची आपली होतात. रविवारी मिस्सानंतर देवळाच्या अंगणात ती एकटी उभी असतात की कोणाशी बोलत असतात, याकडे आपण लक्ष द्यावे. पुढे आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहिणाऱ्यास तीही एक नोंद घ्यावी लागेल.