उठा, बसा, उत्तर द्या

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे सूत्रसंचालन. ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेचं नव्हे. तिथे माईक हातात आला की माणसाचं काय होतं ते आपण सगळे दरवर्षी सहन करतोच. मी म्हणतोय ते चर्चमधल्या उपासनेचं. जमलेल्या माणसांना कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कुठे गायचं, कुठे उत्तर द्यायचं हे सांगणारा कुणीतरी लागतो. हे काम चांगलं कसं करायचं, हा प्रश्न आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात निदान चौदाशे वर्षं जुना असावा. डोंबिवली फास्टमध्ये लटकताना असं काही डोक्यात येत नाही, पण आहे खरं.

सुरुवात कल्याणपासून. सहाव्या शतकात, इ.स. 550 च्या आसपास, अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट आहे हे सिद्ध करायचा त्याचा आटापिटा होता, तो सोडून द्या. पण व्यापाराची माहिती त्याच्याकडे पक्की होती. 'कल्लिआना' नावाच्या बंदरातून तांबं-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जातं असं तो सांगतो. आणि जाता जाता नोंदवतो की तिथे ख्रिस्ती लोकांचा एक बिशप आहे, आणि त्याची नेमणूक इराणातून होते. हे कल्लिआना म्हणजे आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. सगळे नाही, काहीजण ते केरळकडे शोधतात.

इराणातून बिशप येणार म्हणजे उपासना सिरियाक भाषेत होणार. कल्याणच्या गोदीवर ती भाषा किती जणांना कळत असेल? अगदी थोड्यांना. पण या पौर्वात्य सिरियाक परंपरेत एक सोय होती. मुख्य धर्मगुरू वेदीपाशी आपली प्रार्थना करत असताना डीकन लोकांकडे लक्ष ठेवायचा. आता उभे राहा, आता प्रार्थना करू या, शांतता असो, अशा छोट्या छोट्या हाका तो द्यायचा आणि लोक उत्तर द्यायचे. आपल्या भाषेत बोलायचं तर बॅकएंडला काहीही चालू असो, युजरला कळायला हवं की आता आपण काय करायचंय. डीकन म्हणजे तो इंटरफेस.

ठाण्यातही हेच लोक होते. 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात आले ते एका नेस्टोरियन, म्हणजे याच पौर्वात्य पंथाच्या कुटुंबाकडे उतरले होते. काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि चौघांचा जीव गेला. मागून आलेल्या ओदोरिकने लिहून ठेवलंय की ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरं होती. पंधरा घरांच्या प्रार्थनेची भाषा सिरियाक, पाहुण्या साधूंची लॅटिन, आणि बाहेर बाजारात तिसरीच! भाषेचा हा तिढा पुढे साडेसहाशे वर्षं सुटला नाही.

पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई आणि साष्टी घेतली. त्यानंतर चर्चं भराभर उभी राहिली. तलावपाळीवरचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट त्याच काळातलं. मिस्सा मात्र लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून उभे. उत्तरं द्यायची ती वेदीजवळच्या सेवकाने. उरलेले सगळे गुडघ्यांवर, हातात जपमाळ. त्यांना भक्ती नव्हती असं मी अजिबात म्हणत नाही. पण कार्यक्रमात त्यांचं काम काय होतं?

ते काम त्यांना मिळालं चर्चच्या मुख्य विधीच्या बाहेर. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 मध्ये मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापलं, ते आपल्याला शाळेपासून माहीत असतं. ज्याचं नाव आपण ऐकलेलं नसतं तो आपल्या बाजूचा माणूस म्हणजे फ्रान्सिस्को वाझ दे गिमाराइश. त्याचं पुराण 1659 साली लिस्बनमध्ये छापलं गेलं, रोमन लिपीत, पण भाषा मुंबई-साष्टी-वसईच्या ख्रिस्ती लोकांची. विषय येशूचं दुःखसहन आणि मरण. हे पुराण उपवासकाळात इथल्या गावांतून गायलं जाई. ओवी म्हणजे जात्यावरची, सगळ्यांच्या कानातली. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी साथ द्यायची. त्याला लॅटिन यायची गरज नाही, दीक्षेची गरज नाही. लागतं काय, तर खणखणीत आवाज आणि पुढची ओवी कधी उचलायची याचं भान.

माझ्या मते उपासना चालवण्याचं खरं प्रशिक्षण या पट्ट्यात इथे झालं. सेमिनरीत नाही.

याचा उपयोग लवकरच झाला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. पोर्तुगीज पाद्री गेले. आता हे ख्रिस्ती गाव विस्कटणार असं कुणालाही वाटलं असतं. पण 1760 च्या सुमारास आंकतील द्यूपेराँ हा फ्रेंच प्रवासी (हाच तो पारशांच्या अवेस्ताचा पहिला युरोपीय अनुवादक) साष्टीतून गेला, तेव्हा त्याला मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती सण मोकळेपणाने, गर्दीत साजरे होताना दिसले. काम बघत होते गोव्याकडचे देशी पाद्री. मोठे साहेब गेल्यावर प्रोजेक्ट चालू राहिला, कारण तो मुळात टीमलाच येत होता.

इंग्रज आले 1774 मध्ये. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च 1825 साली बिशप हीबरच्या हस्ते अर्पण झालं. अँग्लिकन प्रार्थनापुस्तक लोकांच्या भाषेत आणि चक्क संवादाच्या रूपात होतं, फक्त ती भाषा इंग्रजी, कारण लोक म्हणजे साहेबलोक. आणि गंमत बघा, त्या काळी इंग्लंडमधल्या चर्चांत लोकांची उत्तरं पुष्कळदा एक पगारी क्लार्कच सगळ्यांच्या वतीने म्हणून टाकायचा! आउटसोर्सिंगचा शोध आपल्या इंडस्ट्रीने लावला असा माझा समज होता. हीबर स्वतः गीतं लिहिणारा माणूस. लोकांनी गावं म्हणून त्याने गीतसंग्रह तयार केला, पण तो छापून आला त्याच्या मृत्यूनंतर, 1827 मध्ये.

मराठी प्रोटेस्टंट मंडळींनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आणि त्यासाठी थोडं घाटावर जावं लागेल, अहमदनगरला. मिशनऱ्यांनी गीतं आणली ती इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून. ज्यांनी इंग्रजी गाण्याच्या मीटरमध्ये मराठी कोंबायचा प्रयत्न केलाय त्यांना कळेल, ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि पुढे त्यांनी अभंग, ओवी, भजनाच्या वळणाची शेकडो पदं लिहिली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. टिळक कीर्तनही करत. कीर्तनकार हा जगातल्या उत्तम होस्टांपैकी एक असावा असं माझं प्रामाणिक मत आहे. तो तास-दीड तास एकटा उभा असतो, तरी प्रसंग रंगला की धृपद श्रोत्यांच्या हवाली करतो. ते उचललं गेलं नाही तर कीर्तन पडलं, मग बुवा कितीही विद्वान असोत.

आता रोमकडे. 3 सप्टेंबर 1958 ला तिथून संगीत आणि उपासनेबद्दल एक सूचनापत्र निघालं. त्यात 'कॉमेंटेटर' या भूमिकेचे नियम होते. मिस्सा लॅटिनमध्येच राहणार, पण लोकांना काय चाललंय ते कळावं म्हणून कुणीतरी मधूनमधून सांगायचं. ते नियम वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. निवेदन आधी लिहून काढलेलं असावं. थोडंच असावं, शब्द मोजके असावेत. योग्य वेळी, मध्यम आवाजात बोलावं. धर्मगुरूंच्या प्रार्थनेवर कुरघोडी कधीही करू नये. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सूत्रसंचालकाने हे लॅमिनेट करून खिशात ठेवावं. मात्र त्याच कागदात हेही होतं, की बाईने हे काम करायचं नाही. फार तर गरज पडली तर तिने गाणी आणि प्रार्थना सांगाव्यात.

पाच वर्षांत चित्र पालटलं. 4 डिसेंबर 1963 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. लोकांचा जाणता आणि सक्रिय सहभाग हा त्याचा गाभा, आणि लोकभाषेला दार उघडं झालं. बरोब्बर वर्षभराने, डिसेंबर 1964 मध्ये, पोप सहावे पॉल खुद्द मुंबईत होते. हळूहळू वेदी लोकांच्या बाजूला आली, फादरांचं तोंड दिसू लागलं, उत्तरं सगळ्यांनी द्यायची ठरली. निवेदकाबद्दल आजचे नियमही तेच सांगतात: तयारी हवी, स्पष्ट आणि थोडक्यात बोला. शिवाय लोकांसमोर उभे राहा, पण ज्या पीठावरून शास्त्रवाचन होतं तिथून बोलू नका. ती जागा तुमची नाही.

एका मित्राच्या लग्नाला ठाण्यातल्या चर्चमध्ये गेलो होतो तेव्हा हे सगळं मला माहीत नव्हतं. माईकवर एक मावशी होत्या. आम्ही अर्धा डझन हिंदू कलीग मागच्या बाकांवर, कधी उठायचं याची धास्ती घेऊन बसलेलो. त्या प्रत्येक वेळी अर्धा सेकंद आधी सांगायच्या, एका वाक्यात, आणि गप्प व्हायच्या. तासाभरात मावशी मिळून दोन मिनिटं बोलल्या असतील. आमच्यापैकी एकही जण चुकीच्या वेळी उभा राहिला नाही.

पण भाषेचा तिढा सुटला म्हणावा तर नवा आला. लोकभाषा म्हणजे कुठल्या लोकांची? वाझच्या पुराणाची भाषा ज्यांची, त्यांनी 1887 मध्ये स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, मुंबईत नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोवेकरांपेक्षा वेगळे दिसावे म्हणून. पुढे शिक्षण इंग्रजीत गेलं आणि अनेक घरांत प्रार्थनाही. लॅटिन गेली तेव्हा तिची जागा मराठीने घेतली तशी कोकणी, तमिळ, मल्याळमनेही घेतली, आणि या शहरी पट्ट्यात सगळ्यात जास्त इंग्रजीने. तीनशे वर्षं ज्या बोलीने उपवासकाळ तोलून धरला, तिला मुख्य वेदीवर जायची परवानगी मिळेपर्यंत तिच्यात म्हणणारे कमी झाले होते. मला हे फार चुटपुट लावून जातं.

आणि कल्याण? 1988 मध्ये सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत कल्याण नावाने स्थापन झाला, नोकरीसाठी इकडे आलेल्या मल्याळी कुटुंबांसाठी. हा पंथ त्याच पौर्वात्य सिरियाक परंपरेतला, ज्यातला बिशप कॉस्मसने कल्लिआनात नोंदवला होता. डीकनच्या त्या छोट्या हाका पुन्हा कल्याणात ऐकू येतात, आता मल्याळममध्ये. उत्तर देणाऱ्यांत आईवडिलांची पिढी आहे, आणि शेजारच्या बाकावर डोंबिवलीत वाढलेली, आपसात हिंदी-मराठी-इंग्रजीची मिसळ बोलणारी पोरं.