तळटीप १२ : चोरबाजारातला सेक्स्टंट

१२. सेक्स्टंट : सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे हे मोजण्याचे दर्यावर्दींचे यंत्र. याची कमान वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे ६० अंशांची, म्हणून हे नाव. परंतु आरसा फिरतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, त्यामुळे तिच्यावर १२० अंशांपर्यंतचा कोन मोजता येतो. जॉन हॅडलीने १७३१ मध्ये दाखवलेले ऑक्टंट हे याचे पूर्वरूप.

लेखकांनी मुंबईच्या चोरबाजारात घेतलेल्या पितळी यंत्रावर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ अशी अक्षरे होती आणि तेवढ्यावरून ते त्याला पहिल्या महायुद्धातले ठरवतात. ते तसे असू शकत नाही. केल्विन आणि ह्यूज या तेव्हा दोन निरनिराळ्या पेढ्या होत्या. त्या एकत्र आल्या १९४७ मध्ये. हेच नाव आणि हेच साल कोरलेली शोभेची यंत्रे आजही सर्रास विकली जातात. (पितळ मात्र खरे असते, एवढे समाधान.) पारख नावावरून नव्हे, कमानीवरून करावी. अस्सल यंत्रात अंशांच्या रेघा केसाएवढ्या बारीक आणि अगदी सारख्या अंतरावर असतात, पुष्कळदा पितळेत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर. हा काटेकोरपणा हौसेचा नव्हे : उंची मोजताना एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तर जहाजाच्या हिशेबात एका सागरी मैलाचा फरक पडतो.

लेखकांचे वाक्य मूळ आवृत्तीप्रमाणेच ठेवले आहे. — संपा.