रिकाम्या स्कूपचं काय करायचं?

आजच्या विषयाचं नाव फळ्यावर वाचून पुढच्या रांगेतले दोघंतिघं हसले, ते मी पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर मोटारीच्या बॉनेटवर काय बोलणार? तर जे बोलायचं आहे ते खरं म्हणजे इतिहासाबद्दलच आहे. पण सुरुवात बॉनेटपासून करावी लागेल, कारण प्रश्न तिथूनच माझ्याकडे आला.

भंडाऱ्याच्या बाहेर एका राइस मिलला लागून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वर्कशॉप आहे. वर्गात त्याचं लक्ष कधी नव्हतं, हात मात्र सोन्याचे. त्यानं आणि त्याच्या वडलांनी मिळून बऱ्याच वर्षांपूर्वी एक स्पोर्ट्स कार घरीच बनवली. चौकोनी पाइपांची चासी, भंगारातल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन, दोन सीट, छप्पर नाही. वडील पितळी भांडी घडवणारे. भंडाऱ्याचं पितळ एके काळी दूरवर जायचं, पुढे स्टीलची भांडी आली आणि हातोडे माळ्यावर गेले. या गाडीसाठी म्हाताऱ्यानं ते पुन्हा खाली काढले.

आता अडचण अशी झाली की पोरानं बॉनेट फार खाली घेतलं. पद्मिनीच्या इंजिनावर कार्बुरेटर, त्याच्या डोक्यावर एअर फिल्टरचा डबा. तो डबा बॉनेटमधून वर आला. मग तिथं भोक पाडलं आणि त्यावर वडलांनी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, पुढे तोंड असलेलं झाकण ठोकून बसवलं. त्यालाच स्कूप म्हणतात. डबाही झाकला गेला आणि फिल्टरला बाहेरची थंड हवाही मिळू लागली.

पुढे पद्मिनीचे सुटे भाग मिळेनासे झाले. दोन वर्षांपूर्वी त्यानं ओम्नी व्हॅनचं इंजिन बसवलं. हे इंजिन बाजूला कललेलं असतं, त्यामुळे बुटकं. त्यात कार्बुरेटर नाही, इंजेक्शन आहे. फिल्टरचा डबा एका बाजूला, नळीनं जोडलेला. (स्पोर्ट्स कारला व्हॅनचं इंजिन! पण तो मुद्दा वेगळा.) म्हणजे स्कूप राहिला आणि त्याच्याखाली काहीच उरलं नाही. पावसाळ्यात पाणी थेट स्पार्क प्लगच्या तारांवर. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "कापून टाकू का जी सर? बाबा काही बोलतच नाहीत."

बाबांना आता दिसत नाही. दुसरा स्कूप ते ठोकू शकणार नाहीत. एवढं सांगितलं म्हणजे प्रश्न नुसत्या पत्र्याचा नाही हे तुमच्या लक्षात येईल.

आधी यंत्राचं बघू, कारण भावना मागाहूनही बघता येतात. स्कूपमुळे हवा "दाबून" इंजिनात शिरते असं पोरं म्हणतात. हिशेब करून बघा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा जास्तीत जास्त दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाढतो. खरा फायदा थंड हवेचा. हवा दहा अंशांनी थंड असली तर साधारण तीन टक्के दाट असते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गरम इंजिनाच्या भोवतीची हवा काय असते ते सांगायला नको. पण फिल्टर तिथून हलला की हा फायदाही गेला. उलट थोडं नुकसानच. रेडिएटरमधून हवा आरपार जायची तर त्याच्या मागे दाब कमी हवा. स्कूपमधून आणखी हवा आत कोंबली की मागचा दाब वाढतो आणि रेडिएटरचं काम अवघड होतं.

मग त्याच्या एका मित्राचा सल्ला आला, स्कूप उलटा फिरव, गरम हवा बाहेर जाईल. हेही वाटतं तितकं सरळ नाही. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी वारा अडतो आणि तिथं दाब वाढलेला असतो. अमेरिकेत शेव्हरलेटनं १९७० च्या शेव्हेल गाडीत नेमका हाच दाब वापरून मागे तोंड असलेल्या स्कूपमधून इंजिनाला हवा पाजली. आमच्या गाडीतलं भोक बरोबर काचेजवळ आहे. उलटं फिरवलं असतं तरी हवा आतच आली असती.

तेव्हा यंत्राच्या दृष्टीनं निकाल स्पष्ट, त्या भोकाचं आता काम नाही. आणि तरीही मी त्याला "काप" म्हणालो नाही. त्याला म्हटलं, रविवारी पवनीला चल.

पवनी आपल्याच जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची. तिथल्या जगन्नाथ टेकडीचं उत्खनन १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी. तिथं मोठा स्तूप निघाला आणि त्याच्या दगडी कठड्याचे भाग निघाले. असा कठडा कसा असतो? उभे खांब, त्यांना कोरलेली खाचं, त्या खाचांत बसणाऱ्या आडव्या सूची, वर उष्णीष. आता हे काम कुणाचं? सुताराचं! खाच आणि कूस ही लाकडाची भाषा. दगडाला तिची गरज नसते, दगडाची भिंत नुसती रचूनही उभी राहते. पण ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी कुंपणं केली, किंवा ज्या डोळ्यांनी ती पाहिली, त्यांना कठडा म्हटला की असाच दिसणार. ग्रीक देवळांच्या दगडी पट्टीवरच्या उभ्या खोबण्यांबद्दल रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनं हेच लिहिलंय, की ती मुळात लाकडी तुळयांची टोकं.

याला एक नावही आहे. १८८९ मध्ये कोली मार्च नावाच्या इंग्रज डॉक्टरनं "स्क्यूओमॉर्फ" हा शब्द घडवला. स्क्यूओस म्हणजे भांडं, अवजार. मॉर्फे म्हणजे आकार. भंडाऱ्यातल्या माणसाला शब्द लगेच पटावा!

पण सगळ्या उरलेल्या आकारांना एकाच टोपलीत टाकलं की विचार संपतो. (गुरुजींच्या आश्रमातल्या खांबाला बांधलेल्या मांजराची गोष्ट मी आज सांगणार नाही. ती सांगितली की लोक हसतात आणि प्रश्न सुटला असं समजतात.) कार्ल्याचं चैत्यगृह घ्या. सुमारे ३८ मीटर लांब, सगळं डोंगरातून कोरलेलं. त्या छताला आधार लागत नाही, तो डोंगरच आहे. तरीही वर लाकडी कमानी बसवल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळ दोन हजार वर्षांनंतर अजून जागेवर आहेत. विचार करा, एवढ्या उंचीवर एवढं लाकूड चढवायचं, आणि ते कशालाही पेलत नाही. ही नुसती सवय नव्हे. सवयीसाठी माणूस इतके कष्ट घेत नाही. कमानींशिवाय ते प्रार्थनेचं घर वाटलं नसतं, म्हणून त्या बसवल्या. पुढे वाकाटकांच्या काळात अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत याच कमानी सरळ दगडातच कोरल्या. तिथं लाकूड गेलं, आकार राहिला.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आमच्या विद्यार्थ्याच्या घरातलंच उदाहरण. तांब्या-पितळेची भांडी मठारतात, म्हणजे हातोडीनं सारख्या ठोक्यांनी ठोकतात. ते ठसे शोभेचे नव्हेत. तापवलेला धातू मऊ पडतो, ठोकल्यानं तो कडक होतो आणि पातळ पत्र्याचं भांडं आकार धरून राहतं. ठसा ही त्या कामाची खूण. आज बाजारात यंत्रावर दाबलेली भांडी मिळतात, त्यांवरही तसेच ठसे असतात, साच्यातून एका झटक्यात उठवलेले. हातोडी त्यांना लागलेलीच नाही. कारखान्यातून निघालेल्या कितीतरी गाड्यांच्या बॉनेटवर स्कूप असतो आणि त्यात बोट घातलं तर मागे बंद प्लास्टिक लागतं, तो याच जातीचा. माझं मत विचाराल तर हे खोटं आहे. घेणाऱ्याला चालत असेल, पण खोटं आहे.

मग आमच्या गाडीवरचा स्कूप यातला कुठला? खोटा तर नाही. त्यानं खरोखर वर्षानुवर्षं हवा दिली आहे. कार्ल्याच्या कमानींसारखाही नाही, कारण त्या पहिल्या दिवसापासून भार पेलत नव्हत्या. मला तो भाज्याच्या लेण्यासारखा वाटला. भाज्याच्या चैत्यगृहाला समोर लाकडी दर्शनी भाग होता. तो केव्हाच कुजून गेला. पण तो अडकवण्यासाठी खडकात पाडलेल्या खोबण्या राहिल्या आहेत. त्या खोबण्यांचा आज उपयोग शून्य. मात्र त्या सिमेंटनं बुजवल्या असत्या तर तिथं लाकूड होतं हे आपल्याला कशावरून कळलं असतं?

एवढं बोलून मी थांबलो, तर पोरगा म्हणाला, "सर, लेण्यात पाणी गेलं तर लेणं बंद नाही पडत." अगदी बरोबर. इतिहासाच्या मास्तरांना हा टोला अधूनमधून बसायला हवा.

एक गोष्ट सांगायची राहिली. ही गाडी मिलच्या आवारातच फिरते, रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे कंपनीनं बनवलेल्या गाडीतही मूळ रचना मनासारखी बदलता येत नाही, तिथं भंगारातून जुळवलेलीची काय कथा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी इंजिन मागे ठेवून "मीरा" ही छोटी गाडी बनवली, तीसुद्धा कारखान्यापर्यंत पोचली नाही. आपल्याकडे घरी गाडी बनवणाऱ्याला गिऱ्हाईक नसतं, दाखवायला रस्ता नसतो. म्हणजे हा स्कूप बघणारे जेमतेम दहापंधरा लोक, आणि त्यातल्या एकाला दिसत नाही.

शेवटी त्यानं काय केलं ते सांगतो. बॉनेटच्या खालून, भोकाच्या कडेला रबराची पट्टी लावून, अॅल्युमिनियमची एक सपाट पट्टी चार स्क्रूंनी बसवली. मागच्या बाजूला दोन बारीक छिद्रं ठेवली आणि त्यांना नळ्या लावल्या, म्हणजे साचलेलं पाणी तारांवर न पडता बाजूनं खाली जाईल. वरचा स्कूप जसाच्या तसा. उद्या कुणी पुन्हा उंच इंजिन टाकलं तर चार स्क्रू काढायचे. मी गेलो तेव्हा त्याचे वडील बॉनेटशी उभे होते आणि स्कूपवरून हात फिरवत होते. डाव्या बाजूला एका जागी त्यांचं बोट थांबलं. "इथं पत्रा फाटला होता," म्हणाले, "पितळ असतं तर फाटलं नसतं."