दोन पहारेकरी

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या घरांतले आवाज आपोआप खाली येतात. तो लहान मुलाला झाला, तर त्या कुजबुजीतून एक प्रश्न हळूच डोके वर काढतो: दोष कुणाकडचा? आईकडचा की बापाकडचा? मी शाळेत भाषा शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाशी माझी रीतसर ओळख मॅट्रिकला संपली. पण ह्या प्रश्नाचे उत्तर माणसाला कसे सापडत गेले, ती हकीकत मला कुठल्याही कादंबरीइतकीच चटका लावणारी वाटली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

ही हकीकत रेटिनोब्लास्टोमा नावाच्या रोगाची. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, बहुधा वयाची 5 वर्षे पुरी होण्याआधीच, ही गाठ वाढते. बाहुली काळीभोर दिसायची, तिथे मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चमक दिसू लागते. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एखाद्या मुलाच्या वाट्याला हा रोग येतो. 1809 साली एडिंबरोचे शस्त्रवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप यांनी त्याचे वेगळेपण ओळखले आणि डोळा वेळीच काढून टाकावा, असा सल्ला दिला. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची विद्या तेव्हा अजून यायची होती! ते लेकरू आणि त्याला धरून बसलेली माणसे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या सल्ल्याचा कठोरपणा कळेल.

पुढे ब्राझीलमध्ये इलारियो द गोव्हेआ या डॉक्टरांनी 1872 साली एका मुलाचा असा डोळा काढला. मुलगा वाचला, मोठा झाला, त्याचे लग्न झाले. आणि मग त्याच्या दोन मुलींना तोच रोग झाला, तोही दोन्ही डोळ्यांत. डोळ्याबरोबर रोगही गेला असे सर्वांना वाटले होते. तो रक्ताच्या वाटेने पुढल्या पिढीत उतरला होता.

पण कोडे सुटले नव्हते. कित्येक मुलांच्या घराण्यात हा रोग कधीच झालेला नसे, आणि त्यांचा एकच डोळा बिघडे. 1971 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आल्फ्रेड नुडसन या डॉक्टरांनी अशा 48 मुलांची जुनी टिपणे काढली. रोग किती वयात उमगला, एका डोळ्यात की दोन्ही, घराण्यात कुणाला होता काय, एवढ्याच गोष्टी त्यांनी पाहिल्या. हाताशी आकडेमोड, दुसरे काही नाही. तिच्यातून असे दिसले की, दोन्ही डोळ्यांत रोग असणारी मुले अगदी लहान वयात आजारी पडतात. एका डोळ्याचा रोग बहुधा उशिरा दिसतो. नुडसन यांनी निष्कर्ष काढला, की रोग व्हायला दोन घाव लागतात. काही मुले पहिला घाव घेऊनच जन्मतात.

घाव कशावर? वाड्याच्या दिंडीवर दोन पहारेकरी असावेत, तशा आपल्या प्रत्येक पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात: एक आईने दिलेली, एक बापाने. एक निकामी झाली तरी दुसरी पहारा देते. दोन्ही गेल्या, की दार सताड उघडे. 1986 साली स्टीफन फ्रेंड, थॅडियस ड्रायजा, रॉबर्ट वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराव्या गुणसूत्रावरचे ते जनुक हाती धरले. कर्करोगाला आवर घालणारे, माणसाला सापडलेले हे पहिले जनुक.

त्या जनुकापासून घडणारे प्रथिन पेशीच्या वाढीला लगाम घालते. पेशी दुभंगायला जी यंत्रणा लागते, तिला ते घट्ट धरून ठेवते. वाढीचा रीतसर निरोप आला, की त्याच्यावर फॉस्फेटचे कण चिकटतात, पकड सुटते आणि पेशीची दोन होते. म्हणजे कर्करोग हा दर वेळी बाहेरून आलेला शत्रू नव्हे. पुष्कळदा आपला राखणदारच जागेवर नसतो. 1989 साली तर असेही आढळले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूचे एक प्रथिन ह्याच राखणदाराला मिठी मारून निकामी करते. मुलांच्या डोळ्यांतल्या एका दुर्मिळ रोगाने मोठ्या माणसांच्या रोगांवरही असा उजेड पाडला.

आता तो पहिला प्रश्न. ज्या मुलांना जन्मतःच पहिला घाव असतो, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आईबापांत तो दोष नसतोच. बीज घडताना तो नव्याने उपजतो. जिथे तो आईकडून वा बापाकडून येतो, तिथेही कुणी तो निवडून दिलेला नसतो. ग्रहणात काय चिरले, काय खाल्ले, कुणाची दृष्ट लागली, याचा इथे काडीचाही संबंध नाही. उलट, आज घराण्यातला नेमका दोष सापडला असेल, तर रक्ताच्या तपासणीने पुढल्या बाळात तो उतरला आहे की नाही, हे सांगता येते. उतरला असेल तर जन्मापासून डोळे तपासत राहता येतात. वेळीच उमगले तर बहुतेक मुले वाचतात, पुष्कळांची दृष्टीही राहते.

ह्या दिवाळीत घरोघर मुलांचे फोटो निघतील. फ्लॅशच्या उजेडात एक बाहुली तांबूस आणि दुसरी पांढरी दिसली, तर घाबरून जाऊ नका. त्याची कारणे इतरही असतात. पण मुलाला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि घरात कुणी सुनेकडे बोट दाखवू लागले, तर त्यांना ह्या दोन पहारेकऱ्यांची गोष्ट सांगा.