सात-बारा, आठ-अ आणि एक नाव

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातलं कोन गाव लागतं. समजा, तिथल्या कुणाला आजोबांच्या जमिनीचा वारसा लावायचा आहे. सर्व्हे नंबर माहीत नाही. ठाऊक आहे ते फक्त नाव, गणपत पाटील. कसं शोधायचं?

या अडचणीचं मूळ जुनं आहे. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नव्याने पाहणी केली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला आणि दप्तर त्या क्रमाने लागलं. त्यात शहाणपण होतं. माणसं बदलतात, शेत जागचं हलत नाही. १९०३ च्या कायद्याने हक्कांची नोंदही आली. आज गाव नमुना सातमध्ये हक्क असतात, बारामध्ये पिकं.

अशा वहीत नंबरावरून नाव चटकन सापडतं. नावावरून नंबर शोधायचा, तर सगळी पानं चाळावी लागतात. म्हणून आणखी एक नमुना आला, आठ-अ. माहिती तीच, पण खातेदारांच्या क्रमाने. मात्र जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली की दोन्हीकडे दुरुस्ती हवी. एकीकडे राहिली, तर तंट्याला निमित्त!

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी संगणकातल्या माहितीसाठी वेगळा विचार मांडला. माहिती कोणत्या क्रमाने ठेवली आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असायची गरज नाही. कोणत्या रकान्यात काय हवं, एवढंच त्याने सांगावं. संगणकही आत आठ-असारखी सूची ठेवतो, पण तिची दुरुस्ती तो आपणहून करतो.

आता आपलं नाव घ्या. 'गणपत' पहिल्या नावाच्या रकान्यात असेल, किंवा जमीन मुलाच्या नावावर झाली असल्यास मधल्या नावाच्या. दोन्ही शब्द एकाच रकान्यात शोधले, तर काहीच मिळणार नाही. कोणताही एक शब्द चालेल म्हटलं, तर गावातले सगळे पाटील समोर येतील! म्हणून नियम असा: रकान्यांमध्ये 'किंवा', शब्दांमध्ये 'आणि'. प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या रकान्यात सापडलाच पाहिजे.

वर्गाच्या हजेरीपटावर मुलांना हा खेळ खेळायला द्या. मग एका नावात 'गणपत'च्या जागी 'गणू' लिहून पुन्हा शोधायला सांगा. नियम अचूक असूनही ते नाव निसटेल. वारसाचा हक्क अडकतो तो बरेचदा इथेच, कारण संगणक अक्षरं जुळवतो. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे गावालाच ठाऊक असतं.