गंज उन्हाचा की ओलाव्याचा?

नागपुरात राहत असाल तर हे पाहिलं असेलच. नवतपात पारा ४५ अंशांवर जातो, पण गच्चीवरची नवी लोखंडी सळई जवळपास तशीच राहते. जुलैत तीच काही दिवसांत तांबूस होते. तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो असं आपण शिकलोय. मग मे महिन्यात गंज का नाही?

या प्रश्नावर मला इंग्लंडच्या डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांचं काम सगळ्यात आवडतं. १९२० च्या दशकात त्यांनी लोखंडाचे काही नमुने खोलीत उघडे टांगले, काही मलमलच्या पिंजऱ्यात. हवा तीच, ओलावाही तोच. उघडे गंजले, पिंजऱ्यातले जवळपास स्वच्छ राहिले. मलमलीने अडवली ती फक्त धूळ! धुळीतले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात ना. पुढे १९३५ च्या शोधनिबंधात त्यांनी हवेत ०.०१ टक्का सल्फर डायऑक्साइड मिसळून आर्द्रता वाढवत नेली. साधारण ६० टक्क्यांपर्यंत फारसं काही घडलं नाही, नंतर आलेख एकदम चढला. शुद्ध हवेत मात्र आर्द्रता ९९ टक्क्यांवर नेऊनही गंज किरकोळच. 'क्रांतिक आर्द्रता' ही कल्पना रुजली ती अशा प्रयोगांतून.

सोव्हिएत शास्त्रज्ञ तोमाशोव यांनी पाण्याच्या थराची जाडी पाहिली. त्यांच्या आलेखात गंजाचा वेग एका मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक आहे. थर त्याहून पातळ असेल तर आयनांना हालचाल जमत नाही, जाड असेल तर ऑक्सिजनला धातूपर्यंत पोचायला वेळ लागतो.

तापमान इथे दोन्हीकडून खेळतं. अभिक्रिया वाढवतं, पण थर वाळवतं आणि पाण्यातला ऑक्सिजनही कमी करतं. आपल्या मे महिन्यात वाळवणंच जिंकतं. (कूलरचा पत्रा अपवाद, तिथे पाणी आपणच ओततो.)

दिल्लीच्या लोहस्तंभाचा वाद याच मुद्द्यावर आहे. जे. सी. हडसन यांनी १९५३ मध्ये 'नेचर'मध्ये श्रेय दिल्लीच्या हवेला दिलं. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० मध्ये ते लोखंडातल्या फॉस्फरसमुळे बनणाऱ्या संरक्षक थराला दिलं. मला हे दोन्ही एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत, कारण तो थर ओलं होणं आणि वाळणं या चक्रातूनच घडत जातो.

तेव्हा नमुने टांगाल तेव्हा नुसतं सरासरी तापमान लिहून थांबू नका, धातू किती तास ओला होता तेही नोंदवा. आयएसओ ९२२३ मध्ये त्यासाठी ८० टक्क्यांवर आर्द्रता आणि शून्यावर तापमान असलेले तास धरतात. नागपुरात दुसरी अट बाराही महिने पूर्ण होते, मोजायची ती पहिलीच.